वजन किती, याइतकेच ते कुठे?

जुन्या मोटारीची चाल सुधारायची असेल, तर तिचे वजन घटवावे, असा सर्वसाधारण समज आहे. हलकी मोटार लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर टायरना कमी झिजवते, हे खरेच. मात्र वजन किती, याइतकेच ते मोटारीत कुठे आहे, यालाही महत्त्व असते. जर्मनीच्या पोर्शे ९११ या मोटारीचा सुरुवातीचा प्रवास याचे उत्तम उदाहरण आहे.

१९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात सादर झालेल्या या मोटारीचे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होते. वेगात वळण घेताना चालकाने अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की भार पुढे सरके, मागच्या टायरची पकड सुटे आणि मोटारीचा जड मागचा भाग बाहेर फेकला जाई. यावर कंपनीने प्रथम केलेला उपाय उफराटा वाटेल. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना सुमारे ११ किलोंचे एकेक वजन बसवण्यात आले! मोटार जड झाली, पण तोल काहीसा सावरला.

खरा इलाज १९६९ च्या मॉडेलमध्ये झाला. इंजिन जागेवरच ठेवून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेण्यात आली. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर त्यामुळे २,२११ वरून २,२६८ मिलिमीटर झाले. एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवण्यात आल्या.

तोल साधल्यावर वजन घटवण्याचे चीज झाले. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसला सादर झालेल्या 'कॅरेरा आरएस २.७' मध्ये पत्रा आणि काचा पातळ करण्यात आल्या. तिच्या 'स्पोर्ट' आवृत्तीतून मागची आसने वगळली गेली आणि दार ओढण्यासाठी साधा पट्टा आला. 'टूरिंग' आवृत्तीपेक्षा ती सुमारे १०० किलोंनी हलकी होती. मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद होती, तर मागच्या झाकणावरील उंचवट्यामुळे वेगात मागचा भाग उचलला जाणे कमी झाले. शर्यतीच्या नियमासाठी ५०० मोटारी पुरेशा होत्या. प्रत्यक्षात १,५८० तयार झाल्या.

जुनी मोटार हौसेने हलकी करणाऱ्याने म्हणूनच आधी चारही चाकांवरचा भार मोजावा. सुरुवातीच्या ९११ च्या बंपरमधील वजने काढली, तर काट्यावर ती हलकी भरेल. वळणावर मात्र अधिक धोकादायक ठरेल.