जुन्या आगगाड्यांचा बाजार

अमेरिकेत खेळण्यातल्या आगगाड्यांचे आणि हुबेहूब लघुरेल्वेचे शौकीन ठरावीक दिवशी एखाद्या हॉलमध्ये जमतात आणि जुनी इंजिने, डबे, रूळ, सिग्नल, ट्रान्सफॉर्मर यांची खरेदी-विक्री करतात. या बाजाराला ‘ट्रेन मीट’ किंवा ‘स्वॅप मीट’ म्हणतात. जागा साधीच असते: चर्चचे सभागृह, शाळेचा जिमखाना, जत्रेचे मैदान, आणि पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा हॉल. बाजार भरवणारा बहुधा एखादा क्लब असतो. तो लांब टेबले भाड्याने देतो, ग्राहकाकडून काही डॉलर प्रवेशशुल्क घेतो आणि कोपऱ्यात कॉफी-हॉटडॉगची सोय करतो. विक्रेते पहाटेच येऊन माल मांडतात. दार उघडण्याआधी चांगला माल विक्रेत्यांनी आपापसांत उचललेला असतो, अशी ग्राहकांची जुनी तक्रार आहे आणि ती बरीचशी खरी आहे. दुपारी आवराआवर सुरू झाली की भाव उतरतात. जड इंजिनांची खोकी पुन्हा गाडीत चढवायची हौस कोणालाच नसते.

हा बाजार उभा राहिला तो प्रामुख्याने एका कंपनीच्या मालावर. जोशुआ लायनेल कोवेन याने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये लायनेल कंपनी काढली. तिची पहिली विजेवरची ‘गाडी’ म्हणजे दुकानाच्या काचेत गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्यासाठी फिरणारा एक उघडा लाकडी डबा होता. गिऱ्हाइके आतला माल सोडून तो डबाच मागू लागली, असे सांगतात. १९०६ मध्ये लायनेलने तीन रुळांची पद्धत आणली. बाहेरच्या दोन रुळांवर चाके आणि मधल्या रुळातून वीज, अशी ही रचना दिसायला खऱ्या रेल्वेसारखी नाही. पण मुलाने रूळ कसेही जोडले तरी शॉर्टसर्किट होत नाही, हा तिचा मोठा गुण. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, खेळण्यांचे उत्पादन थांबले आणि कारखाना लष्करी कामाला लागला. १९४५ च्या अखेरीस गाड्या परत आल्या. १९४६ मध्ये इंजिनाच्या धुराड्यातून धूर निघू लागला, १९४८ मध्ये सांता फे रेल्वेच्या लाल-चंदेरी डिझेल इंजिनाची प्रतिकृती आली, १९५० मध्ये चाकांना चुंबकत्व देऊन इंजिनाची रुळावरची पकड वाढवण्यात आली. नाताळच्या झाडाभोवती गोल फिरणारी लायनेल हे त्या काळातल्या अमेरिकी मध्यमवर्गीय घराचे ठरलेले दृश्य होते. न्यू हेवनच्या ए. सी. गिल्बर्ट कंपनीची दोन रुळांवरची ‘अमेरिकन फ्लायर’ आणि मार्क्स कंपनीच्या स्वस्त पत्र्याच्या गाड्या हे तिचे प्रतिस्पर्धी.

पुढे लोक विमानाने आणि महामार्गाने जाऊ लागले, मुलांना अवकाशयाने आणि शर्यतीच्या विजेरी मोटारी हव्याशा झाल्या. १९६०च्या दशकात गाड्यांचा खप कोसळला आणि दशक संपता संपता लायनेलचे नाव जनरल मिल्स या अन्नपदार्थांच्या कंपनीकडे भाड्याने गेले. विकत घेतलेल्या लाखो गाड्या मात्र घरांच्या माळ्यांवर आणि तळघरांत तशाच पडून होत्या. ट्रेन मीटला माल मिळाला तो तिथून.

संग्राहकांची संघटना त्याआधीच उभी राहिली होती. १९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील यार्डली गावी, एका कोठारात जमलेल्या मंडळींनी ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन स्थापन केली. सामान्यतः टीसीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे मुख्यालय आणि संग्रहालय पुढे त्याच राज्यात स्ट्रासबर्ग येथे उभे राहिले. टीसीएचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे मालाच्या स्थितीची प्रतवारी. सी-१ ते सी-१० अशा पायऱ्या असून सी-१० म्हणजे कारखान्यातून निघाल्यासारखी, हात न लागलेली वस्तू; सी-६ म्हणजे वापरलेली पण नीट राखलेली. काळाचीही विभागणी ठरून गेली: १९४२ पर्यंतचा माल ‘प्रीवॉर’, १९४५ ते १९६९ चा ‘पोस्टवॉर’, त्यानंतरचा ‘मॉडर्न’. अनोळखी माणसाशी व्यवहार करताना दोघांनाही कळेल अशी ही मोजपट्टी होती.

सर्वांत मोठा बाजार यॉर्कचा. टीसीएचा पूर्व विभाग दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील यॉर्क शहराच्या जत्रेच्या मैदानावर तो भरवतो. हॉल रंगांच्या नावांनी ओळखले जातात. त्यांतल्या ऑरेंज हॉलमध्ये कंपन्या आणि मोठे दुकानदार बसतात, इतर हॉलमध्ये सभासद आपापली टेबले मांडतात. अनेक वर्षे इथे सभासद आणि त्यांचे पाहुणे यांनाच प्रवेश असे. भरभराटीच्या काळात हजारो माणसे येत, आसपासच्या मोटेलांत खोली मिळत नसे. मुख्य बाजाराच्या आधीचे एक-दोन दिवस मोटेलांच्या पार्किंगमध्ये आणि खोल्यांत चोरटा म्हणावा असा बाजार चाले. त्याला ‘बँडिट मीट’ म्हणतात आणि तो चोरटा नसून केवळ अनधिकृत असतो. खरे जाणकार तिथेच सापडत.

ट्रेन मीटमधली खरेदी डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त होते. ग्राहक इंजिन उलटे करून चाकांची झीज, विजेचे संपर्क, बॅटरीच्या खणातला गंज पाहतो. प्रीवॉर मालात जस्ताच्या ओतीव भागांना एक खोड असते: मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहून गेली असेल तर वर्षानुवर्षे तो भाग फुगतो, त्याला भेगा जातात आणि शेवटी भुगा होतो. चाक हाताने फिरवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही आणि एकदा सुरू झाले की त्यावर उपाय नाही. रंग मूळचा की नंतर दिलेला, हा दुसरा प्रश्न. १९५७ मध्ये लायनेलने मुलींसाठी गुलाबी इंजिन आणि फिक्या रंगांचे डबे असलेला संच काढला होता. मुलींनाही खऱ्यासारखीच काळी गाडी हवी होती, त्यामुळे तो सपशेल पडला. कमी विकला गेला म्हणून आज तो संग्राहकांना हवा असतो आणि म्हणूनच साध्या इंजिनाला गुलाबी रंग फासून विकण्याचे प्रकारही झाले. मूळ पुठ्ठ्याच्या खोक्याला स्वतंत्र किंमत असते. रिकामी खोकीही विकली जातात आणि कधीकधी आतल्या डब्याहून महाग पडतात. बहुतेक हॉलमध्ये एका टेबलावर चाचणीचा रूळ ठेवलेला असतो. त्यावर गाडी चालवून दाखवायला जो विक्रेता कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नये हा अलिखित नियम.

संग्राहकांच्या शेजारीच दुसरा एक वर्ग आहे, तो प्रमाणबद्ध नमुने करणाऱ्यांचा. त्यांना जुने खेळणे नको असते. खऱ्या रेल्वेची ८७ पटींनी लहान ‘एचओ’ किंवा १६० पटींनी लहान ‘एन’ मापाची प्रतिकृती हवी असते. मिलवॉकीत १९३४ मध्ये सुरू झालेले ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक आणि १९३५ मध्ये तिथेच स्थापन झालेली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन यांनी ही शाखा वाढवली. त्यांच्या बाजारांत न जोडलेले जुने किट, जपानी कारागिरांनी घडवलेली पितळी इंजिने, झाडे-घरे-पुलांचे सामान असा माल असतो.

दोन्ही प्रकारच्या बाजारांत गर्दी ओसरत गेली आहे. पहिला दोष सहसा ईबेला दिला जातो. १९९५ मध्ये ही लिलावाची सोय सुरू झाली आणि जो डबा शोधायला दहा वर्षे बाजार पालथे घालावे लागत, तो घरबसल्या मिळू लागला. त्याहून मोठा परिणाम वेगळाच झाला: ‘दुर्मीळ’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक वस्तू मुबलक असल्याचे उघड झाले. पूर्वी भाव छापील किंमत-पुस्तिकेवरून ठरत. आता प्रत्यक्ष कितीला विकले गेले हे सर्वांना दिसते. कंपन्यांनीही जुन्या गाड्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. त्या दिसतात तशाच, चालतात अधिक चांगल्या आणि शिवाय आवाजही काढतात. ज्याला गाडी चालवायची आहे त्याला मूळ प्रत घेण्याचे कारण उरले नाही.

तरीही ईबे हे मूळ कारण नव्हे. मूळ कारण वयाचे आहे. या बाजाराचा ग्राहक म्हणजे १९४५ ते १९६० च्या दरम्यान लहानपण घालवलेला मुलगा. त्याला जे तेव्हा परवडले नाही ते तो चाळिशी-पन्नाशीत, हाती पैसा आल्यावर विकत घेत होता. १९७०, ८० आणि ९० च्या दशकांतली तेजी ही त्याच्या खिशातली तेजी होती. आज तो पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. घर लहान करताना किंवा त्याच्या पश्चात कुटुंबीय संग्रह विकायला काढतात आणि एकाच वेळी माल वाढतो, घेणारे कमी होतात. साध्या पोस्टवॉर मालाचे भाव त्यामुळेच उतरले. पेट्रोल, मोटेल आणि टेबलाचे भाडे जाऊन हाती काही उरत नाही म्हटल्यावर विक्रेते गळाले. टेबले कमी झाली म्हणून ग्राहक फिरकेनासे झाले. २०२० मध्ये कोविडमुळे यॉर्कचे दोन्ही बाजार रद्द झाले आणि देशभरातले छोटे बाजारही बंद पडले. त्यांतले काही पुन्हा भरलेच नाहीत, कारण ते चालवणारी मंडळी तोवर थकली होती.

रेल्वेची आवड मात्र संपलेली नाही. मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट स्प्रिंगफील्ड येथे ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटी दर जानेवारीत जे प्रदर्शन भरवते त्याला कडाक्याच्या थंडीतही वीस हजारांवर माणसे येतात. तिथे विक्रीची टेबले आहेतच, पण गर्दी होते ती क्लबांनी आणलेल्या मोठमोठ्या चालत्या रेल्वेभोवती. मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांना धावणारी गाडी पाहायची असते, टेबलावरची खोकी नव्हे. केवळ खरेदी-विक्रीवर चालणारे बाजार आटत आहेत आणि प्रदर्शनाला जोडलेले टिकून आहेत. इतकी वर्षे फक्त सभासदांसाठी दारे राखण्याचा संग्राहकांचा हट्ट त्यांना महागात पडला, असे म्हणायला जागा आहे.

या घटीत खरे नुकसान आहे ते दुरुस्तीच्या ज्ञानाचे. सुट्या भागांच्या टेबलावर कप्प्याकप्प्यांत ब्रश, दिवे, कपलर, चाके मांडून बसलेला म्हातारा गृहस्थ दोन डॉलरच्या भागासोबत तो कसा बसवायचा हेही सांगतो. भाग ऑनलाइन मिळतो. तो कोणता मागवायचा हे ओळखायला इंजिन कोणाच्या तरी हातात द्यावे लागते.

महाराष्ट्रात पुण्याच्या कोथरूडमध्ये १९९८ पासून जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, पण असा बाजार कधी भरला नाही. त्यासाठी घरोघरी माळ्यावर पडलेला दोन पिढ्यांचा माल लागतो. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र हे बाजार मोटारीने जाण्याच्या अंतरावर आहेत. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, गावोगावच्या अग्निशमन दलांच्या हॉलमध्ये ते भरतात. मुलाला पहिली गाडी घ्यायची असेल तर नव्या संचाआधी तिथे एक फेरी मारावी, गाडी चाचणीच्या रुळावर चालवून घ्यावी आणि ट्रान्सफॉर्मरची जुनी वायर तडकलेली असेल तर तो वापरण्याआधी बदलून घ्यावी.