भुंगेऱ्याच्या नकाशांतील दोन ठिपके

नकाशा म्हटला कीं राज्यें, नद्या आणि आगगाडीचे रस्ते डोळ्यांपुढें येतात. परंतु युक्नेमिस कॅपुसिना नांवाच्या एका काळ्या भुंगेऱ्याचाहि नकाशा आहे, आणि तो मोठा विचित्र आहे.

हा किडा अवघा पांचसहा मिलिमीटर लांबीचा. आरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानें १८१२ सालीं त्याचें वर्णन केलें. उताणा पडतांच 'टक्' असा आवाज करून उसळी घेणारे भुंगेरे वाचकांनीं पाहिले असतील. हा दिसावयास तसाच, पण कुळानें निराळा. म्हणून इंग्रज लोक त्याच्या कुळास 'खोटे' टकटके म्हणतात. नांव थोडें अन्यायाचें आहे, कारण या कुळांतील कित्येकांस ती उसळी साधते!

फ्रान्सपासून रशियापर्यंत आणि इटलीपासून स्वीडनपर्यंत याचा वास आहे. इतका विस्तीर्ण मुलूख असूनहि हा सर्वत्र विरळाच. इंग्लंडांत तर विंडसरचें अरण्य व दक्षिणेकडील न्यू फॉरेस्ट, हे दोनच काय ते याचे प्रसिद्ध ठिकाण. मधल्या मुलुखांत हवा तीच, पाऊस तोच; मग किडा कां नाहीं?

याचें उत्तर त्याच्या अळीपाशीं आहे. ही पाय नसलेली चपटी अळी बीच, ॲश अशा जुनाट पानझडी वृक्षांच्या बुरशीनें मऊ झालेल्या लांकडांतच वाढते. धडधाकट झाड तिच्या उपयोगाचें नाहीं. बीचच्या पोटांत अशी ढोली होण्यास शतक-दीड शतक सहज लागतें. आणि एक झाड संपण्यापूर्वीं शेजारचें दुसरें म्हातारें झालेलें हवें. ही परंपरा एकदां तुटली कीं वंशच बुडाला.

न्यू फॉरेस्ट हें पहिल्या विल्यमनें सुमारें १०७९ सालीं शिकारीसाठीं राखलें. विंडसरहि राजाचेंच मृगयास्थान. राजास हरिणें हवीं होतीं, भुंगेऱ्याची कोणास खबरहि नव्हती. पण त्यामुळें म्हातारीं झाडें उभीं राहिलीं. इतरत्र 'पोकळ झालें, तोडा' हाच नीटनेटकेपणाचा नियम पडला. २०१० सालीं युरोपांतील जून लांकडावर जगणाऱ्या ४३६ जातींच्या भुंगेऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तींत शेंकडा सुमारें ११ जाती नष्ट होण्याच्या भीतींत आढळल्या.

विंडसरास अलीकडे मेलेलें झाड पुष्कळदां पडल्या जागींच राहूं देतात. वाटसरूस तें अव्यवस्थेचें वाटतें, म्हणे.