पखाल, मसक आणि मोट

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत म्हणींचा पाठ चालू असतां, दुखणें हेल्याला आणि औषध पखालीला, ही म्हण निघाली. अर्थ बहुतेकांस ठाऊक होता. परंतु पखाल म्हणजे काय, हें एकासही सांगतां आलें नाहीं. एका विद्यार्थ्यानें तर ती हेल्याची मालकीण असावी, असा तर्क केला! दोष मुलांचा नव्हे. जी वस्तु डोळ्यांपुढून गेली, तिचें नांव तोंडीं किती दिवस टिकणार? म्हणून चामड्याच्या या जलपात्रांविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटलें.

हेला म्हणजे रेडा. आणि पखाल म्हणजे त्याच्या किंवा बैलाच्या पाठीवरून दोहों बाजूंस लोंबणारी मोठी चामडी पिशवी. तिच्यांत पाणी भरून पखाली तें घरोघर पोंचवीत असे. मसक ही तिची धाकटी बहीण. ती शेळीच्या सबंध कातड्याची करितात. जनावराचें पोट न चिरतां कातडें मोज्यासारखें ओढून काढावयाचें, पायांचीं भोकें शिवावयाचीं आणि मानेचें तोंड ठेवावयाचें. म्हणजे शिवण थोडी आणि गळतीही थोडी. भरल्या मसकेंत सुमारें ३० लिटर पाणी राहतें. तेवढें ओझें पट्ट्यानें खांद्यास अडकवून व कमरेवर तोलून भिस्ती चालतो. तोंड मुठींत असल्यामुळें त्यास हवी तेवढीच धार सोडतां येते. रस्त्यावर सडा घालणें, वाळ्याचे पडदे भिजविणें, हीं कामें त्याचींच.

कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें. मग मसक कां कुजत नाहीं? याचें उत्तर झाडांच्या सालींत आहे. बाभळीची व तरवडाची साल, तसेंच हिरडा, यांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. तें कातड्यांतील तंतूंस घट्ट धरून बसतें आणि मग जंतूंस ते तंतू सहजासहजीं खातां येत नाहींत. हिरडा चघळला असतां जीभ आवळून येते, ती क्रिया याच जातीची. हा प्रयोग आमच्या वाचकांनीं स्वतःच्या जिभेवर अवश्य करून पाहावा.

कमावलेलें कातडें पाणी धरतें, परंतु अगदीं कोंडून ठेवीत नाहीं. थोडा ओलावा बाहेर झिरपतो, त्याची वाफ होते आणि वाफेस लागणारी उष्णता आंतल्या पाण्यांतून जाते. उन्हाळी हवेंत एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी लागतात. म्हणजे तेवढ्यानें ५८० ग्रॅम पाणी एक अंशानें निवूं शकतें. माठाचें शास्त्र तेंच. मात्र माठ पडला कीं फुटतो, मसक फुटत नाहीं. बैर-शेबाच्या रानांत हागार भटकली तेव्हां तिच्याजवळ मसकच होती, यांत नवल नाहीं.

रिकाम्या मसकेचाही उपयोग असे. १५३९ सालीं चौसा येथें शेरखानानें हुमायूनाचा पराभव केला. गंगेंत बुडूं लागलेल्या बादशहास निजाम नांवाच्या भिस्त्यानें हवा भरलेल्या मसकेच्या आधारें तीरास लावलें, आणि हुमायूनानें त्यास थोडा वेळ आपल्या तख्तावर बसविलें. भिस्ती हा शब्दही फारशींतील बिहिश्त, म्हणजे स्वर्ग, यावरून आलेला आहे.

आमच्या प्रांतांत मात्र चामड्याचें खरें राज्य विहिरीवर होतें. मोटेच्या रुंद तोंडास जाड नाडा आणि खालच्या निमुळत्या सोंडेस बारीक सोंदूर. नाडा उंच चाकावरून जातो, सोंदूर कांठावरील रुळावरून. दोन्ही बैलांच्या जुवाकडे. मोट वर येत असतां सोंदूर सोंडेस ताणून उभी धरतो, म्हणून पाणी सांडत नाहीं. मोट चाकाशीं पोंचली कीं तोच सोंदूर सोंडेस थारोळ्यावर ओढून घेतो, सोंड खालीं वळते आणि पाणी आपोआप पाटास लागतें. दोन दोरांच्या लांबीचा मेळ, एवढेंच तें यंत्र! धाव उतरती असल्यामुळें बैलांच्या अंगाचें वजनही ओढण्यास साह्य करितें; मग ते मागें सरत वर येतात.

पुढें पत्र्याची मोट आली, तिच्यामागून तेलाचें इंजिन आणि विजेचा पंप. मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें आलें. भिस्ती आतां दिल्ली, कलकत्ता अशा शहरांच्या जुन्या भागांत थोडे उरले आहेत.

एक गोष्ट सांगितल्यावांचून लेखणी ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मोटेचें कातडें कमावीत ढोर, तें शिवीत चांभार, नाडा वळीत मांग. त्यांच्या हातची मोट दिवसभर विहिरींत बुडे. परंतु त्यांनीं स्वतः पाण्यास हात लावला तर विटाळ होई. चामड्यास प्रवेश आणि चामडें कमावणाऱ्यास मज्जाव! जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले. त्या हक्काचा निकाल मुंबई हायकोर्टांत लागण्यास १९३७ साल उजाडलें.

वर्गांत हें सांगून झाल्यावर एक मुलगा आमच्यामागून व्हरांड्यांत आला. त्याचे पणजोबा मोटा शिवीत असत व त्यांची आरी अजून घरीं आहे, असें त्यानें हळूच सांगितलें. आणि तें वर्गांत सांगावें कीं नाहीं, असें विचारलें. तुझें तूं ठरीव, असें आम्ही म्हणालों. आठवडाभर तो कांहीं बोलला नाहीं. पुढच्या सोमवारीं त्यानें ती आरी फडक्यांत गुंडाळून आणिली आणि मेजावर ठेविली. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनांत ती होती. दाराजवळच्या पहिल्या मेजावर पुष्कळांनीं ती पाहिली असेल.