बदलापूरची वाढ आणि नदीची हद्द

मुंबईहून रेल्वेने 68 किलोमीटरवर उल्हास नदीच्या काठी बदलापूर वसले आहे. पूर्वी प्रवासी येथे घोडे बदलीत, त्यावरून गावास हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. आज येथे माणूस येतो तो मुंबई-ठाण्यात न परवडणारे घर मिळावे म्हणून. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 98 हजार होती. 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली.

ही वाढ कोठवर जावी? नकाशावरील हद्द घरांची मागणी थोपवू शकत नाही, हे शेजारच्या उल्हासनगरने दाखविले आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीत वसविलेल्या या शहराचे क्षेत्रफळ अवघे 13 चौरस किलोमीटर. 2011 मध्ये तेथे 5 लाखांहून अधिक लोक राहत होते. परवानगीवाचून इतकी बांधकामे उभी राहिली की, ती नियमित करण्यासाठी 2006 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

बदलापूरची खरी हद्द नदीच आखते. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा निश्चित करतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र बांधकामास निषिद्ध, तर दोहोंमधील क्षेत्र नियंत्रित असते. ‘100 वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळांची दिशाभूल होते. एकदा पूर येऊन गेला की पुढे 99 वर्षे निर्धास्त, असा त्यांचा अर्थ नव्हे. दरवर्षी शंभरात एक अशी ती शक्यता आहे. 30 वर्षे एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबापुरती ती जवळजवळ चारात एक होते. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. प्रवासी त्याच दिवशी सुटले. आयुष्याची पुंजी घालून नदीकाठी तळमजल्यावर घर घेतलेल्यांना ती सोय नसते.

पाण्याची दुसरीही बाजू आहे. औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण बदलापूरच्या शेजारीच आहे, परंतु त्यातील पाण्यावर अनेक औद्योगिक वसाहती आणि शहरे अवलंबून आहेत. धरणाची उंची वाढविताना तेथील पाड्यांना आपली जागा सोडावी लागली. नव्या वस्तीची तहान कोणाच्या वाट्यातून भागवावयाची, हा हिशेब एकट्या नगरपरिषदेच्या आवाक्यातील नाही.

मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना 1973 मध्ये मंजूर झाली ती याच जाणिवेने. एका गावाने नाकारलेली इमारत हद्दीपलीकडच्या ग्रामपंचायतीत उभी राहते, आणि तेथे सखल जमिनीवर भराव घातला की पुराचे पाणी शेजारच्या शिवारात शिरते. म्हणूनच नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी पूररेषेचा नकाशा मागवून घ्यावा, त्यावर आपल्या शिवारातील गट क्रमांक ताडून पाहावेत आणि बाधित गटांची यादी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी.