जमीन सारखी नसताना वाणाची परीक्षा कसली?

जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावच्या एका बैठकीत बारावीच्या पोराने आम्हाला विचारले, ‘वकीलसाहेब, आमचे मार्क कमी, म्हणजे आम्हीच कमी का?’ हा प्रश्न एकट्या पोराचा नाही. राखीव जागांचा विषय निघाला की ‘गुणवत्ते’चा जो गलका होतो, तो प्रत्येक वस्तीत हाच प्रश्न पेरून जातो.

आम्ही उत्तर शेतातून दिले. एक वाण काळ्या कसदार जमिनीत लावले, दुसरे माळावरच्या मुरमाड जमिनीत. पहिल्याचा उतारा जास्त आला म्हणून ते श्रेष्ठ ठरते काय? पिंपळगावचा कोणताही शेतकरी हसेल.

ही चूक टाळण्याचे एक शास्त्रच आहे. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशरने त्याचा पाया घातला. शेताचे तुकडे पाडून प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत एकेकदाच लावायचे. बऱ्यावाईट जमिनीचा वाटा सर्वांना सारखा! याला लॅटिन चौरस म्हणतात. गंमत अशी की, हाच फिशर माणसांच्या बाबतीत सुप्रजननवादाचा पुरस्कर्ता होता. वाणाला दिलेला न्याय त्याने माणसाला नाकारला.

या शास्त्रात महाराष्ट्राचे एक मोठे नाव आहे, शरदचंद्र श्रीखंडे. जन्म १९१७ चा, सागरचा. नागपुरात अध्यापन, १९५० साली अमेरिकेत चॅपेल हिल येथे डॉक्टरेट, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुखपद. असे दोन लॅटिन चौरस एकमेकांवर ठेवले आणि प्रत्येक जोडी एकदाच आली, तर वाण व खत दोन्हींची परीक्षा एकाच शेतात होते. ६, १०, १४, १८ अशा ओळींच्या चौरसांत हे अशक्य, असे ऑयलर या थोर गणितीने १७८२ साली सांगून ठेवले होते. ६ पुरते ते खरे निघाले. पण १९५९ साली राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ६ च्या पुढील सर्व संख्यांबाबत ऑयलरला खोटे ठरवले. १७७ वर्षांचा शब्द कोसळला. श्रीखंडे २०२० साली, १०२ व्या वर्षी गेले.

थोरामोठ्यांनी ‘अशक्य’ म्हटले म्हणून ते अशक्य ठरत नाही. आमच्या समाजाला हजारो वर्षे हेच ऐकवले गेले. आजही पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरातला मुलगा आणि ऊसतोडीवर गेलेल्या मायबापाचा मुलगा यांचे मार्क शेजारी ठेवून निकाल लावला जातो. ही परीक्षा नव्हे, आखणी चुकलेला प्रयोग आहे. घटनेची कलमे १५(४) आणि १६(४) म्हणजे मेहेरबानी नव्हे. जमिनीतला फरक हिशेबात धरण्याची ती रीत आहे.

त्या पोराला आम्ही एवढेच सांगितले: बाळा, तू कमी नाहीस, तुलना खोटी आहे. पण हे नुसते भाषणात सांगून भागणार नाही. संख्याशास्त्र शीक. आपले आकडे दुसऱ्यांनी मांडायचे आणि आपण मान खाली घालून ऐकायचे, हे आता थांबले पाहिजे.