साक्षी आणि हुतात्मा

'मार्टिस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ न्यायालयातील साक्षीदार, हे प्रथम ध्यानात घ्या. दुसऱ्या शतकात तो श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यास लावला जाऊ लागला. मराठी ख्रिस्ती लेखनातील 'रक्तसाक्षी' हा शब्द तो मूळ अर्थ जपतो. 'हुतात्मा' मात्र आहुतीकडे नेतो. हा भेद निव्वळ शाब्दिक मानू नका. साक्षीदार बोलावल्यावर उभा राहतो. स्मर्नाचे वृद्ध धर्माध्यक्ष पॉलिकार्प यांच्या मृत्यूच्या वृत्तांतानुसार ते सोबत्यांच्या आग्रहावरून शेतमळ्यात लपले. पकडले गेल्यावर मात्र त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नाही. त्याच वृत्तांतातील क्विंटस आपण होऊन पुढे गेला आणि श्वापदे पाहताच रोमन देवतांना अर्पण करण्यास राजी झाला. अशा उतावळ्यांची वृत्तांतकार प्रशंसा करत नाही. याउलट अंतिओखचे इग्नेशियस, बंदिवान म्हणून रोमला नेले जात असताना, 'मला वाचवू नका' अशी विनवणी तेथील ख्रिस्तीजनांना करतात.