तोंड वाकडें होतें तेव्हां

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही पन्हाळा तालुक्यांतील कोडोली गांवीं आमच्या आप्तांकडे चार दिवस राहिलों होतों. तिसऱ्या दिवशीं सकाळीं घरांतील धाकट्या सूनबाई चूळ भरावयास गेल्या, तों पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यांतून गळूं लागलें. आरशांत पाहतात तों उजवा गाल लोंबलेला, उजवा डोळा मिटत नाहीं, आणि हसूं जावें तर सारें तोंड डावीकडे ओढलें जातें! घरांत एकच गडबड उडाली. सासूबाईंचें मत असें कीं, रात्रीं खिडकी उघडी राहिली, तिचें हें वारें. मामंजींस अर्धांगवायूची धास्ती. कोणी महानारायण तेलानें चोळावयास सांगितलें, कोणी कुठल्याशा वैदूचें नांव घेतलें. त्यांतच दीड महिन्यावर धाकट्या नणंदेचें लग्न येऊन ठेपलेलें. ‘आठ दिवस वाट पाहूं, तोंवर हिनें माजघराबाहेर येऊं नये, म्हणजे चर्चा नको,’ असा ठराव जवळजवळ झालाच होता. पण ऐशी वर्षांचे आजोबा ओसरीवरून म्हणाले, “तोंडाचें मागाहून पाहूं, मुलीचा डोळा मिटत नाहीं तो आधीं डॉक्टरला दाखवा.” त्याच दुपारीं तिला कोल्हापुरास नेलें. आम्हीही बरोबर होतों.

डॉक्टरांनीं प्रथम तिला भुवया वर करावयास सांगितलें. कपाळाच्या डाव्या अर्ध्या भागावर आठ्या पडल्या, उजवा भाग मात्र सपाटच राहिला. ही परीक्षा क्षुल्लक दिसते, पण तिच्यांत मोठें मर्म आहे. कपाळाच्या स्नायूंस मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळत असते. त्यामुळें अर्धांगवायूंत चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडला, तरी कपाळ बहुधा हलतें. कपाळासकट सारी बाजू निश्चेष्ट झाली, तर दुखणें बहुतकरून मेंदूंत नसून चेहऱ्याच्या मज्जातंतूंतच असतें. मात्र घरच्या घरीं भुवया उचलून पाहून कोणीं निश्चिंत बसूं नये. हात किंवा पाय लुळा वाटला, बोलणें अडखळलें, तर घटकाभरही न दवडतां रुग्णालय गांठावें.

हा मज्जातंतु मेंदूंतून निघतो आणि कानामागील हाडांतल्या सुमारें तीन सेंटिमीटर लांबीच्या वांकड्यातिकड्या नळींतून चेहऱ्यावर येतो. तंतूस सूज आली म्हणजे भोंवतीं हाड असल्यामुळें ती पसरणार कोठें? तंतु आंतल्या आंत आवळला जातो. चरक-सुश्रुतांनीं ‘अर्दित’ या नांवानें वर्णिलेल्या विकारांत हें दुखणें येतें. सर चार्लस् बेल यांनीं १८२१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें या मज्जातंतूचें कार्य मांडलें, म्हणून पाश्चात्त्य वैद्यकांत याला बेलचा पक्षाघात म्हणतात. मूळ कारण अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. जपानी संशोधकांना १९९६ सालीं पुष्कळशा रोग्यांच्या तंतूभोंवतालच्या द्रवांत ओठांवर जर उठविणाऱ्या विषाणूचे अंश आढळले. तेव्हांपासून संशय मुख्यत्वें त्याच्यावर आहे. खिडकीवर नाहीं, हें सासूबाईंनीं ऐकून घेतलें. पटलें कीं नाहीं, तें सांगवत नाहीं.

उपचाराविषयीं मोठा निर्णय स्कॉटलंडांतील एका प्रयोगानें केला. त्याचा वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. दुखणें सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आंत आलेल्या ५५१ रोग्यांना त्यांत घेतलें होतें. प्रेडनिसोलोन हें औषध दहा दिवस घेणाऱ्यांपैकीं तीन महिन्यांत शेंकडा ८३ पूर्ण बरे झाले; न घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६४. नऊ महिन्यांनीं हेच आंकडे ९४ आणि ८२ झाले. विषाणूवरील औषधाचा त्या प्रयोगांत उपयोग दिसला नाहीं. म्हणजे औषधावांचूनही दहांतले आठ जण अखेर बरे होतातच, आणि प्रत्येक वैदूच्या तेलास यश येतें तें यामुळेंच! पण उरलेल्या दोघांचें काय? त्यांतल्या पुष्कळांचें वैगुण्य टाळतां येतें, तें पहिल्या तीन दिवसांत. आठ दिवसांचा तो ठराव आम्हांस आजही आठवतो. हें औषध रक्तांतील साखर वाढवितें. तेव्हां मधुमेह्यांनीं आणि गर्भवतींनीं तर डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज तें घेऊंच नये.

डोळ्याविषयीं आजोबांचें बोलणें अक्षरशः खरें ठरलें. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, बुबुळावर व्रण होतो, आणि पुढें तोंड सरळ झालें तरी गेलेली दृष्टि परत येत नाहीं. सूनबाईंना दिवसा डोळ्यांत घालावयास थेंब आणि रात्रीसाठीं मलम मिळालें. निजतांना पापणी चिकटपट्टीनें मिटून ठेवावयाची होती.

निघतांना सासूबाईंनीं हलक्या आवाजांत विचारलें, “हा महारोग तर नव्हे?” प्रश्न अज्ञानाचा नव्हता. कुष्ठाचे जंतु मज्जातंतूंच्या आवरणपेशींतच घर करतात, आणि चेहऱ्याच्या तंतूची डोळ्याकडे जाणारी शाखा पुष्कळदां त्यांस बळी पडते. येथें बधिर चट्टा नव्हता, त्यामुळें ती शंका फिटली. परंतु असल्या रोग्यांसाठीं आमच्या मुंबईंत झालेलें काम घराघरांत ठाऊक असावयास हवें. डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) हे इंग्लंडांत सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याजवळ शिकले आणि जे. जे. रुग्णालयांत कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करूं लागले. लोक ज्यांची सावली टाळीत, त्यांचे चेहरे ते नीट करीत. न मिटणाऱ्या डोळ्यासाठीं कानशिलावरील चावण्याच्या स्नायूची एक पट्टी पापण्यांपर्यंत नेऊन बसवितां येते. तो स्नायु निराळ्या मज्जातंतूच्या ताब्यांत असल्यानें रोग्यानें दांत आवळले कीं डोळा मिटतो! मूळ युक्ति गिलीज यांची. पुढें अंतियांनीं मुंबईंत संशोधनसंस्था उभारून मज्जातंतूंच्या या नाशाचाच अभ्यास चालविला. आज कुष्ठावरील औषधें सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. पण मेलेला तंतु त्यांनीं जिवंत होत नाहीं, म्हणून बधिर चट्टा लपवूं नये.

सूनबाईंची पापणी तिसऱ्या आठवड्यांत हलूं लागली. लग्नाच्या दिवशीं ओठाचा उजवा कोपरा अजून किंचित् मागें राहत होता. आम्ही मांडवांत शिरलों, तेव्हां विहीणबाईंना दारांत हळदकुंकू लावावयास सासूबाईंनीं तिलाच पुढें केलें होतें.